आजीच्या बोरमाळेत लाख निघाली, म्हणजे फसवणूक झाली का?

२०२५ मध्ये १० ग्रॅम सोन्यानं लाख रुपयांचा आकडा ओलांडला आणि घरोघरची कपाटं उघडली. लग्नाला नवं घ्यायचं तर जुनं मोडीत घालण्यावाचून इलाज नाही, असं अनेकांनी ठरवलं. माझी मावशी त्यांतलीच. तिच्या सासूबाईंची बोरमाळ घेऊन आम्ही दोघी सराफाकडे गेलो. माळ काट्यावर भरली २६ ग्रॅम. सराफानं भिंग लावून पाहिलं, एक मणी हलकेच दाबला आणि म्हणाला, "काकू, आत लाख आहे. निव्वळ सोनं १३-१४ ग्रॅमच निघेल. शिवाय डाक आहे, त्यामुळे २२ कॅरेटचा भाव नाही देता येणार."

मावशीचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ती एकच बोलत होती, "सासूबाई इतकी जपायच्या ती माळ, आणि त्यांना कुणी तरी फसवलं होतं."

फसवलं नव्हतं. लाख, डाक, पोकळ मणी या तिन्ही गोष्टी घडवणाऱ्यानं जाणूनबुजून केल्या होत्या आणि त्या काळी घेणाऱ्यालाही त्या ठाऊक असायच्या. मधल्या दोन पिढ्यांत ही माहिती घरातून पुसली गेली. दागिना राहिला, तो कसा घडला हे सांगणारं माणूस राहिलं नाही. म्हणून दुकानात एखादा शब्द कानावर पडला की आपल्याला तो आरोपासारखा वाटतो. मोडायचं की ठेवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण निर्णय घेण्याआधी आपण काय मोडतो आहोत ते कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी सोन्याचा स्वभाव

शुद्ध, म्हणजे २४ कॅरेट सोनं फार मऊ असतं. त्याची बांगडी केली तर रोजच्या वापरात वाकडीतिकडी होईल. म्हणून त्यात थोडं तांबं आणि चांदी मिसळतात. २४ भागांपैकी २२ भाग सोनं असेल तर ते २२ कॅरेट, म्हणजे ९१.६ टक्के. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा तिथूनच येतो.

सोनाराला सोन्याचे दोन गुण उपयोगी पडतात. ठोकलं तर ते फुटत नाही, पसरत जातं. ओढलं तर तुटत नाही, लांबत जातं. त्यामुळे एकाच लगडीतून कागदासारखा पत्राही निघतो आणि केसासारखी तारही. तार काढायला जंतर लागतं. जंतर म्हणजे उतरत्या मापाची भोकं असलेली पोलादी पट्टी. मोठ्या भोकातून तार ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग आणखी लहान, असं करत हवी तेवढी बारीक करायची.

मात्र ठोकता ठोकता, ओढता ओढता धातू ताठर होतो. पोळी लाटणाऱ्याला हे सांगायला नको. मळून मळून कणीक ताठली की ती लाटता येत नाही, तिला जरा मुरू द्यावं लागतं. सोनार अशा वेळी पत्रा बागेसरीवर, म्हणजे त्याच्या लहानशा शेगडीवर तापवतो. ताव बसला की धातू पुन्हा मऊ होतो आणि काम पुढे सरकतं. एका साध्या मण्यामागेही असे कितीतरी ताव असतात.

मग मणी भरीव का नाही केले?

याचं उत्तर हिशेबात आहे. बोरमाळेचा मणी ८ मिलिमीटर व्यासाचा धरू. २२ कॅरेटचं एक घन सेंटिमीटर सोनं साधारण १७.७ ग्रॅम भरतं. हा मणी भरीव केला तर त्याला पावणेपाच ग्रॅम सोनं लागेल. ४० मण्यांची माळ जाईल १९० ग्रॅमवर. एवढं सोनं किती घरांना परवडणार होतं? आणि परवडलं तरी ते गळ्यात घालून घरात वावरणार कोण?

आता तोच मणी एक दशांश मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा करून पाहा. सोनं लागेल अवघं ०.३५ ग्रॅम, आणि ४० मण्यांना १४ ग्रॅम. दिसायला मणी तेवढाच, रंग तोच, झळाळीही तीच, पण सोनं १३ पट कमी. साध्या शेतकऱ्याच्या, मास्तरच्या, कारकुनाच्या घरातली बाई टपोऱ्या मण्यांची माळ घालू शकली ती या पत्र्यामुळे.

पत्रा ठशावर ठोकून त्याच्या दोन लहान वाट्या करतात. ठसा म्हणजे आकार खोदलेला धातूचा साचा. मग दोन वाट्या तोंडाला तोंड लावून सांधतात. पण इतका पातळ मणी पोकळच ठेवला तर बोटाच्या दाबानंही चेपेल. म्हणून ओवायच्या भोकातून आत लाख भरायची. लाख ही एका किड्यानं झाडाच्या फांदीवर पाझरलेली राळ. पोस्टाच्या पाकिटांवर सील करायला वापरतात तीच. तापवली की वितळते, गार झाली की टणक होते. तिच्यात विटेची बारीक पूड मिसळली की आणखी घट्ट बसते. सायकलच्या टायरला आतल्या हवेमुळे आकार राहतो, तसा या मण्याला लाखेमुळे आधार मिळतो.

आता मावशीच्या माळेकडे परत येऊ. मण्याच्या आतली जागा सुमारे पाव घन सेंटिमीटर. तिथं बसणारी लाख ०.३ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका मण्यात सोनं ०.३५ आणि लाख ०.३. सोनं इतकं जड आहे की त्याच्या नुसत्या सालीचं वजन आतल्या अख्ख्या गोळ्याहून थोडं जास्तच भरलं! तरीही काट्यावरचं जवळजवळ निम्मं वजन लाखेचं निघतं. २६ ग्रॅमच्या माळेत १४ ग्रॅम सोनं असणं अगदी हिशेबाला धरून आहे. सराफ खरं बोलत होता आणि सासूबाईंचा सोनारही खरा होता.

एक कामाची गोष्ट इथंच सांगते. लाख ७५-८० अंश सेल्सियसला मऊ पडते. बोरमाळ, साजाची पानं, जडावाची कुडी असं काहीही कढत पाण्यात टाकून धुऊ नका. लाख फुगून सांध्यातून बाहेर येते आणि मणी आतून मोकळा होतो. कोमट पाणी, रिठ्याचा फेस आणि मऊ ब्रश एवढं पुरे.

डाक म्हणजे काय, आणि कॅरेट का उतरतं?

सोन्याचे दोन तुकडे जोडायचे तर जोडणारा धातू सोन्याच्या आधी वितळायला हवा. तो मागून वितळला तर जोडायच्या नादात दागिन्याचंच पाणी होईल. म्हणून सोनार थोड्या सोन्यात जास्तीची चांदी आणि तांबं घालून लवकर वितळणारं मिश्रण करतो. हीच डाक, कुणी टाका म्हणतं. सांध्यावर डाकेचे कण ठेवायचे, धातू स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार लावायचा आणि फुंकणीनं दिव्याची ज्योत नेमकी सांध्यावर वळवायची. डाक वितळते, फटीत शिरते आणि दोन तुकडे एक होतात.

डाकेत सोनं कमी असल्यामुळे सांधे जितके जास्त, तितकं एकूण कॅरेट खाली येतं. समजा १० ग्रॅमच्या दागिन्यात ८ ग्रॅम २२ कॅरेट सोनं आहे आणि २ ग्रॅम डाक, आणि त्या डाकेत निम्मं सोनं. शुद्ध सोनं झालं ७.३३ अधिक १, म्हणजे ८.३३ ग्रॅम. हे झालं ८३.३ टक्के, बरोबर २० कॅरेट. सोनारानं वापरलेला पत्रा चोख २२ कॅरेटचा होता, तरी वितळवल्यावर २०च उतरणार. ठुशीचे बारीक मणी, तारेची जाळी, फुलाच्या पाकळ्या अशा कामात सांधे शेकड्यांनी असतात. सर्वांत कसबी दागिन्याला मोडीत सर्वांत जास्त घट लागते ती यामुळे. साधी पाटली मात्र जवळजवळ पुऱ्या कसाची निघते, कारण तिच्यात सांधा असला तर एखादाच.

मधल्या काळात यावर एक उपाय निघाला होता: केडीएम. कॅडमियम हा धातू ३२१ अंशांनाच वितळतो, त्यामुळे तो थोडासा मिसळला तरी सोन्याचं प्रमाण ९२ टक्के ठेवून चांगली डाक तयार होते आणि कॅरेट उतरत नाही. गिऱ्हाईक खूश झालं. पण कॅडमियमचा धूर फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असतो, आणि तो धूर नाकातोंडात जात होता तो फुंकणीपाशी बसलेल्या कारागिराच्या. आज हॉलमार्कच्या दागिन्यात कॅडमियम चालत नाही. "आमचं केडीएमचं आहे," असं अजूनही अभिमानानं सांगणारी माणसं भेटतात, त्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

मशीनवर वेगवेगळे आकडे का येतात?

सराफी दुकानातलं कॅरेट तपासायचं मशीन दागिन्यावर क्ष-किरण सोडतं आणि परत येणाऱ्या किरणांवरून कोणता धातू किती आहे ते सांगतं. दागिन्याला धक्का लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण ते वाचतं फक्त वरचा थर, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. किरण सांध्यावर पडला तर डाकेचा आकडा येतो, सांध्यापासून दूर पडला तर पत्र्याचा. त्यात जुने सोनार काम संपल्यावर दागिन्याला आंबट-खारट द्रावणात उजळा देत. त्यानं पृष्ठभागावरचं तांबं निघून जातं आणि वरची साल आतल्यापेक्षा चोख होते. मग मशीन उलट जास्तही दाखवू शकतं.

आपण "तावून सुलाखून" म्हणतो. सुलाख म्हणजे नाण्याला किंवा लगडीला आरपार पाडलेलं भोक. वरून सगळंच चांगलं दिसतं, म्हणून आतला धातू बघायला ते पाडत. मशीन सुलाखत नाही, एवढं लक्षात ठेवलं की तीन ठिकाणी तीन आकडे आले तरी घाबरायला होत नाही. नक्की उत्तर हवं असेल तर थोडा धातू काढून आगीत आणि तेजाबात पारखावा लागतो. तेजाब चांदी-तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. हॉलमार्किंग केंद्रात शेवटचा शब्द याच परीक्षेचा असतो.

रवा: डाकेशिवाय जोडलेले दाणे

सगळ्या कसबांत मला सर्वांत थक्क करतं ते रवाकाम. जुन्या बुगडीवर किंवा झुब्यावर मोहरीहून बारीक सोन्याचे दाणे एकमेकांना खेटून बसलेले पाहिलेत? त्यांना रवा म्हणतात.

दाणे करायची रीत ऐकायला सोपी आहे. बारीक तारेचे सारख्या मापाचे तुकडे कापायचे, मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, कोळशाच्या पुडीवर एकमेकांना लागणार नाहीत असे पसरायचे आणि मूस तापवायची. प्रत्येक तुकडा वितळला की आपोआप गोल होतो. अळूच्या पानावर पाणी सांडलं की पसरत नाही, त्याचे थेंब होऊन घरंगळतात. द्रवाला स्वतःला आक्रसून घ्यायची ओढ असते, आणि वितळलेल्या सोन्याला ती पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते.

खरी परीक्षा दाणे चिकटवताना. इथं नेहमीची डाक लावली तर ती वितळून दाण्यांमधल्या फटी भरून टाकेल आणि सगळं काम साखरेच्या पाकात बुडलेल्या बुंदीसारखं दिसेल. मग जुन्या कारागिरांनी केलं काय? तांब्याचा क्षार डिंकात कालवून त्या खळीनं दाणे जागेवर बसवले आणि दागिना तापवला. डिंक जळून त्याचा कोळसा झाला. त्या कोळशानं क्षारातलं तांबं मोकळं केलं. ते तांबं दाणा जिथं टेकला आहे तेवढ्याच ठिपक्यात सोन्याला भिडलं.

आणि इथं निसर्गाची एक गंमत आहे. सोनं वितळतं १०६४ अंशांना, तांबं १०८५ला. पण दोघं योग्य प्रमाणात एकत्र आले की साधारण ९०० अंशांच्या आसपासच पाघळतात. पूर्वी घरी पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात खडेमीठ टाकायचो ते आठवा. मीठ लागलेला बर्फ एरवीपेक्षा कमी तापमानालाच वितळू लागतो. तसंच इथं: दाणा शाबूत, खालचा पत्रा शाबूत, आणि फक्त टेकलेला ठिपका क्षणभर वितळून घट्ट होतो. ज्योत एक-दोन क्षण जास्त राहिली तर सगळी नक्षी एका गोळ्यात विरून जाते. तापमापक नव्हता. अंधाऱ्या कोपऱ्यात बसून, तापलेल्या धातूचा रंग बघून सोनार फुंकर आवरायचा.

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी हे काम इसवी सनापूर्वी सातव्या शतकात शिखराला नेलं. पुढे युरोपला त्याचा विसर पडला. १९व्या शतकात रोमच्या कास्तेल्लानी घराण्यानं ते पुन्हा साधायचा खूप खटाटोप केला, पण प्राचीन कामाची सर येईना. तांब्याच्या क्षाराची ही युक्ती इंग्लंडच्या लिटलडेल यांनी १९३३ मध्ये पेटंट म्हणून नोंदवली, तेव्हा कुठे तिथं कोडं उलगडलं. आपल्याकडे गुजरातेत आणि दक्षिणेत रवाकाम हातांतून हातांत चालत राहिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराची, बहुधा आंध्रातली, सोन्याची कर्णभूषणं आहेत. त्यांवर पंखांचा सिंह आणि हत्ती आहेत, आणि सगळ्यावर तारेचं आणि रव्याचं काम. आपल्या पैठणहून सातवाहन राज्य करत होते, साधारण तो काळ.

रवा खरा की साच्यात ओतलेला, हे साध्या भिंगानंही कळतं. खरा दाणा पत्र्याला एका बिंदूत टेकलेला असतो, त्यामुळे त्याच्या बुडाशी काळसर सावलीची रेघ दिसते. ओतीव नकलेत दाणा बुडाशी पसरट होऊन पत्र्यात मिसळलेला असतो, उकडलेल्या साबुदाण्यासारखा.

कोंदण: न तापवता जोडलेलं सोनं

"हिऱ्याला कोंदण लाभलं" असं आपण सहज म्हणतो. ते कोंदण म्हणजे कुंदनाचं काम. सोन्याच्या पोकळ घाटात लाख भरायची, वर खडा बसवायचा, त्याच्या खाली चमकीचा वर्ख. मग अगदी शुद्ध २४ कॅरेट सोन्याची पातळ पट्टी खड्याच्या कडेनं पोलादी अवजारानं दाबत जायची. डाक नाही, ज्योतही नाही. तरी पट्टीचे थर एकमेकांत मिसळून एकसंध होतात.

दुधाच्या दोन भांड्यांवर साय धरली असेल तर सायीला साय लागते, दूध दुधाला भेटत नाही. बहुतेक धातूंवर हवेमुळे अशीच एक न दिसणारी साय असते. शुद्ध सोन्यावर ती धरतच नाही. त्यामुळे सोन्याला सोनं भिडलं आणि दाब दिला की ओल्या मातीच्या दोन गोळ्यांसारखं ते एक होतं. मिसळीचं सोनं वापरलं तर हे साधत नाही.

अशा दागिन्यात २४ कॅरेट, २२ कॅरेट, लाख, वर्ख आणि खडा सगळं एकत्र असतं, मग त्याचं एकच एक कॅरेट सांगणार कसं? म्हणूनच कुंदन, पोलकी आणि जडाव दागिन्यांना सक्तीच्या हॉलमार्कमधून वगळलं आहे.

"पण जुने सोनार फसवतही असतील ना?"

असतील. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोनारांच्या चोरीच्या युक्त्यांची यादीच आहे, खोट्या तराजूपासून सुरू होणारी. पण त्याच ग्रंथात दागिन्यांच्या कामाचे प्रकार सांगताना 'घन' आणि 'सुषिर', म्हणजे भरीव आणि पोकळ, असे दोन्ही सरळ नोंदवलेले आहेत. पोकळ काम हा रीतसर प्रकार होता. पोकळ घडवून भरीवाचे पैसे घेणं हा गुन्हा होता.

त्या काळची तपासणी कसोटीवर व्हायची. काळ्या गुळगुळीत दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढायची आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. सवयीच्या नजरेला अर्ध्या-एक कॅरेटचा फरकही जाणवतो.

गैरसमजाची आणखी दोन कारणं आहेत. एक मापाचं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, १२ माशांचा, ९६ गुंजांचा. आजचा बाजार १० ग्रॅमला तोळा म्हणतो. आजीच्या चिठ्ठीतले तोळे आणि आजच्या पावतीतले तोळे जुळायचे नाहीतच.

दुसरं कारण कायद्याचं. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटपेक्षा चोख नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती अट काही वर्षांतच उठली, पण १९६८चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. १४ कॅरेटची अट होती त्या वर्षांत लग्न झालेल्या एखाद्या बाईचं मंगळसूत्र १४ कॅरेटचं निघालं, तर कदाचित तिचा सोनार कायदा पाळत होता. या काळात कित्येक सोनारांनी धंदा सोडला, मुलांना दुसरीकडे घातलं. ठसे भंगारात गेले. हातातलं कसब पुढच्या पिढीला न मिळण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही याची मला खंत वाटते.

"हे सगळं आता मशीन करतंच की"

काही करतं, आणि चांगलं करतं. लेझरनं डाकेशिवाय सांधा होतो. साखळ्या मशीनवर एकसारख्या निघतात. मेणाचा नमुना करून त्याच्या साच्यात सोनं ओतण्याची रीत तर प्राचीनच. आज ती संगणकावर आखून होते. कारागिराच्या फुप्फुसांचा विचार केला तर यातलं बरंचसं स्वागतार्हच आहे.

पण दुकानात "अँटिक" म्हणून जे मिळतं, त्यातला बहुतेक माल जुना नसतो. तो नव्या दागिन्याला दिलेला मंद, काळपट रंग असतो. नक्षी बरेचदा ओतीव असते. ओतीव कामाला जाडी जास्त ठेवावी लागते, म्हणून तोच घाट वजनाला जड होतो आणि आपण पैसे मोजतो ते वजनाचे. घडीव दागिना उलटा करून पाहा. मागे हातोडीच्या खुणा दिसतील, सांध्याच्या रेघा दिसतील, दोन पाकळ्या तंतोतंत सारख्या नसतील.

नुसत्या वजनावरून मोल ठरवलं की बरंच काही निसटतं. पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिसचं डुकाट नावाचं साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं नाणं व्यापारातून इथं आलं. त्यावर संतापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक होता. आपल्या लोकांना त्यात राम-सीता दिसले, नाण्याला नाव पडलं पुतळी, आणि सोनारांनी तशाच चकत्या ठशावर ठोकून गळ्यात आणल्या. मूळ नाणं, इथं ठोकलेली नक्कल आणि आजची नवी चकती यांची वजनं सारखी असली तरी मोल एकच कसं असेल? मोडीत तिन्हींना एकच भाव.

मोडायला न्यायच्या आधी

घरातल्या जुन्या दागिन्यांना हॉलमार्क नसला तरी ते ठेवण्यात किंवा सराफाला विकण्यात काही बेकायदेशीर नाही. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांचा-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा झाला तो सराफानं विकायच्या दागिन्यांवर. जुना दागिना मान्यताप्राप्त केंद्रात शुल्क भरून तपासूनही घेता येतो.

लाखेची वजावट डोळ्यांच्या अंदाजानं होत असेल तर कबूल करू नका. दोन-तीन ठिकाणी विचारा. द्यायचंच ठरलं तर आपल्यासमोर वितळवून लगडीचं वजन आणि कस पाहून हिशेब करायला सांगा. आटणीचं हे काम देशात कुठंही गेलात तरी बहुधा मराठी माणूसच करताना दिसेल. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली घरंच्या घरं गलाईच्या धंद्यानं दिल्लीपासून केरळपर्यंत पसरली आहेत. पण मुशीत गेलेला घाट परत येत नाही, म्हणून त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, माप घ्या, कुणाचा होता ते लिहून ठेवा. जमलं तर साध्या पाटल्या-बांगड्या आधी मोडा, सांध्यांचं काम शेवटी. पैशाच्या दृष्टीनंही तेच शहाणपणाचं, कारण साध्या दागिन्यात घट कमी जाते.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. १००हून जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पणजीची ठुशी बॅगेत टाकण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

मावशीनं हिशेब कागदावर मांडून पाहिला, ४० मणी, ०.३५ ग्रॅम, १४ ग्रॅम. मग दोन साध्या बांगड्या मोडल्या आणि लग्नाचं भागवलं. बोरमाळ सध्या पटवेकऱ्याकडे आहे. त्यातले २ मणी चेपलेले निघाले; ते मानेमागे गोंड्याजवळ येतील असे ओवून देतो म्हणालाय. गोंडा लाल रेशमाचा सांगितलाय, सासूबाईंचा होता तसा.